दादाच्या गाडीतली टक् टक्

२ मार्च, सकाळी ८
आजपासून शास्त्रीय नोंदी. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं काढली, ती काय नुसती बाटल्या पुसण्यात? विषय: जुन्या, गॅसवर चालणाऱ्या इंजिनाच्या व्हॉल्व्हना वंगणाची बाटली मानवते की नाही. लोक नुसत्या गप्पा हाणतात. मी सिद्ध करणार.
गाडी: दादाची, वय एकतीस. दादा ऑगस्टात गेला. सप्टेंबरात मी गॅस किट बसवलं. तेव्हापासून स्विच कायम गॅसवर, पेट्रोलचा थेंब जाळलेला नाही.
लक्षण: इंजिनातून टक् टक् टक्. तीव्रता दहापैकी सहा.
एक नोंद फक्त माझ्यासाठी. दवाखान्यात दादानं तीनदा विचारलं होतं, गॅस लावणार नाहीस ना. मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. पण त्याला ताप होता. तापातल्या माणसाला दिलेला शब्द धरायचा नसतो.

४ मार्च
सहा. थोडं जास्तच.
दादा मला गाडी शिकवायचा तेव्हा मी चुकलो की डॅशबोर्डवर अंगठी आपटायचा. टक् टक् टक्. बारक्या, गाडीचं ऐक जरा. मी एकसष्टीचा झालो तरी त्याच्या लेखी बारक्याच.
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

५ मार्च
काल सीट पुढे ओढून ठेवली होती. आज परत मागे. दादा सहा फुटी, माझे पाय क्लचला पोचत नाहीत. ही म्हणाली, खाच झिजलीय, दोरी बांधा. बायकोला प्रत्येक गोष्टीवर दोरीच सुचते. खाच झिजली मान्य, पण सीट दादाच्याच मापावर जाऊन का थांबते?

७ मार्च
बाटली आणली. गुलाबी तेल. दुकानदार म्हणाला, इंजिनाजवळ छोटी डबी बसवा, नळीतून थेंब थेंब जाऊ द्या. मी म्हणालो, मला शिकवू नका. लेबलवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, चष्मा घरी. सरळ पेट्रोलच्या टाकीत ओतली, सगळी. थेंब थेंब काय, मूल आहे का ते?
आवाज: पाच. एका दिवसात!

१५ मार्च
ही म्हणाली, दादांच्या मेकॅनिककडे एकदा दाखवा. नाही. तो म्हातारा डिकी उघडणार, सिलिंडर बघणार, नि संध्याकाळच्या आत वहिनींच्या कानावर घालणार. डिकीत सिलिंडरवर घोंगडी टाकली आहे. वहिनींना यातलं काही माहीत नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.
दादानं किल्लीबरोबर गाडीची एक वहीही दिली होती. डॅशबोर्डखालचा कप्पा त्याच्याच वस्तूंनी भरलाय: वही, कंगवा, पेपरमिंटची डबी. वही उघडली नाही. त्याचं अक्षर दिसलं की मी कप्पा बंद करतो. शिवाय तीस वर्षांच्या अनुभवाला वही कशाला?
आवाज: चार.

२१ मार्च
वहिनींचा फोन. त्या वीस एप्रिलला त्यांच्या भाचीकडे राहायला जातायत, कायमच्या. घर बंद करणार. सतरा एप्रिल त्यांच्या लग्नाचा दिवस. दरवर्षी दादा त्यांना टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी न्यायचा. तिथेच तो पंप ऑपरेटर होता. गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायचे, नि परत. म्हणाल्या, भाऊजी, एकदा शेवटचं त्या गाडीतून न्याल का. गाडीत बसलं की हे शेजारी असल्यासारखं वाटतं.
मी म्हणालो, वहिनी, हे काय विचारणं झालं. गाडी अशी चालेल की पोटातलं पाणी हलणार नाही.
निश्चय: सतरापर्यंत आवाज शून्य. वहिनींना ती टक् टक् ऐकू यायलाच नको. दादा मला रागावतोय हे त्यांना कशाला कळायला हवं.
दुसरी बाटली ओतली.

२९ मार्च
आता ती गाडीबाहेरही येते. सकाळी नळ गळत होता: टक् टक् टक्. ही काकडी चिरत होती: टक् टक् टक्. मी ओरडलो, बंद कर ते. हिनं सुरी खाली ठेवली नि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.
गाडीत मात्र: तीन.

५ एप्रिल
तिसरी बाटली. आवाज दीड.
सकाळी चालू व्हायला जरा वेळ घेते. मीही घेतो. चढाला ओढत नाही. वय झालं. आवाज गेला हे महत्त्वाचं.
चौकातल्या रिक्षावाल्याला सगळा प्रयोग समजावला. तो म्हणाला, काका, गॅसच्या गाडीचा आवाज कमी होणं बरं नसतं. अर्धवट ज्ञान! त्याची स्वतःची रिक्षा खडखडा वाजते, तो मला सांगणार.

११ एप्रिल, सकाळी ६:३०
शून्य.
बोनेट उघडून कान लावला. काही नाही. नळही दुरुस्त झाला. प्रयोग यशस्वी.
आनंद झाला. झालाच. मग गाडीत बसलो, इंजिन चालू ठेवून. सीट मागे गेलेली होती, तशीच राहू दिली. पेपरमिंटचा वास आला. डबी कधीच रिकामी झालीय, मी बघितलीय. मोठ्यानं म्हणालो, दादा. काहीच नाही. डॅशबोर्डवर स्वतःच तीनदा टिचकी मारली. माझ्या बोटात अंगठी नाही, तसा आवाज आला नाही.
का रडू आलं कळेना. डोळ्यांत गॅस गेला असणार.

१७ एप्रिल
लिहू नये असं वाटतं. पण नोंद ती नोंद.
वहिनी मोती रंगाची साडी नेसून आल्या. थर्मास मांडीवर. गाडी नवव्या खटक्याला चालू झाली. मी म्हणालो, थंडी आहे. घामानं माझा शर्ट अंगाला चिकटला होता.
चढ लागला तेव्हा वहिनींनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, भाऊजी, आवाज कुठे गेला?
मी छाती फुगवून सांगितलं, बंद केला. तीन बाटल्या.
पुढच्या वळणावर वहिनी हळूच म्हणाल्या, घरात आता काहीच वाजत नाही हो. म्हटलं इथे तरी ऐकू येईल. हे म्हणायचे, ही टक् टक् म्हणजे गाडी मजेत आहे.
मी गिअर खाली घेतला. गाडीनं दोन आचके दिले आणि वळणावर बंद पडली, ती पडलीच.
टाकीपर्यंत पोचलो नाही. तिथून टाकीचा फक्त जिना दिसत होता, तोही अर्धा. वहिनींनी तीन कप चहा ओतला. तिसरा डॅशबोर्डवर ठेवला. मेकॅनिकला फोन त्यांनीच केला. नंबर त्यांना पाठ होता.

१९ एप्रिल
मेकॅनिकनं इंजिन उघडलं. समजावलं ते असं: गॅस कोरडा. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत रुततो. व्हॉल्व्ह नि त्याला वरून दाबणारी दांडी यांच्यातली फट कमी होत जाते; टक् टक् त्या फटीतूनच येते, म्हणून आवाज कमी होत जातो. फट संपली की आवाज संपला, आणि व्हॉल्व्ह जळला. मी ज्याला शून्य म्हणत होतो, तो आजार होता.
मग विचारलं, तेल कुठे घालत होतात? टाकीत, म्हणालो. पेट्रोलच्या? हो. आणि गाडी चालत होती गॅसवर?
हो.
त्यानं टाकी उपसली. आमचं गुलाबी तेल, जुन्या पेट्रोलसकट, बादलीत. म्हणाला, साहेब, खोकला तुम्हाला आणि औषध शेजाऱ्याला पाजलंत.
मी तरी विचारलं, नीट घातलं असतं तर फायदा झाला असता का? म्हणाला, काही गाड्यांना होतो, काहींना नाही, मी पैज लावणार नाही. पण फट तपासावी लागलीच असती. वही होती ना तुमच्याकडे?

२० एप्रिल
वहिनी गेल्या. भाड्याच्या गाडीनं. बॅगा मी उचलल्या. नव्या गाडीचा आवाज मुळीच येत नव्हता.

२ मे
गाडी परत आली. चालू केली. टक् टक् टक्. पाच.
वही उघडली. सगळी पानं तेलाच्या डागांची, तारीखवार. शेवटचं पान नऊ ऑगस्टचं. त्याच दिवशी मी तिसऱ्यांदा नाही म्हणालो होतो. अक्षर थरथरतं:
बारक्या गॅस लावणारच. त्याला रागवू नये. दर दोन महिन्यांनी फट बघून घेणे. टक् टक् येतेय तोवर काळजी नाही. आवाज बंद झाला तर लगेच मेकॅनिक.
इतके दिवस तो रागावत नव्हता. बरं चाललंय म्हणून सांगत होता. आणि मी त्याचं तोंड बंद करत बसलो.
वहिनींना फोन लावून बोनेटपाशी धरला. हात भरून आला तरी धरला. बऱ्याच वेळानं कानाला लावला तर त्या म्हणत होत्या, अजून थोडा वेळ राहू द्या. मग म्हणाल्या, किट बसवून पहिल्यांदा दारात आलात, तेव्हाच मला गॅसचा वास आला होता, भाऊजी. म्हटलं, सांगतील कधीतरी.
सीटला दोरी बांधणार नाही. पाठीमागे उशी घेईन.
निष्कर्ष: वंगणाचा फायदा होतो की नाही, माहीत नाही. प्रयोग झालाच नाही.