एकाच नावापुरती जागा

आकिता, ६ एप्रिल १९४७

चि. नुईस अनेक आशीर्वाद.

तुझं मुळ्याचं लोणचं पोचलं. प्रचाराला आलेल्या बायकांनी बरणी चाटूनपुसून स्वच्छ केली. मला जेमतेम दोन फोडी मिळाल्या!

या खेपेला एक काळजी आहे. गेल्या वर्षी मतपत्रिकेवर दोन नावं लिहिता येत होती. बायकांनी एक घरच्यांच्या मर्जीचं लिहिलं, दुसरं माझं, आणि मी संसदेत गेले. आता एकच नाव लिहायचं. युद्धात नवरे गेलेल्या बायकांच्या मदतीचं काम अर्धवट राहिलंय, म्हणून जीव टांगणीला लागलाय. कुरामोचीही उभे आहेत. तुझे यजमान त्यांच्याच लाकडाच्या गिरणीत कामाला, तेव्हा उघड काही बोलू नकोस. मत गुप्तच असतं.

मुलांना पापा.
तुझी ताई, तोमिए

१२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

उगाच जीव जाळू नकोस. नदीवर भाजी धुताना सगळ्या म्हणत होत्या, तोमिएला मत म्हणजे घरचंच मत. ओसेआजी तर चुलीच्या राखेत तुझं नाव गिरवतेय. गिरणीच्या मालकांनी घरोघर साखर वाटली. गोड लागली, खोटं कशाला बोलू? ह्यांनी मात्र निवडणुकीचा विषयसुद्धा काढला नाही.

वेळेवर जेवत जा.
तुझी नुई

२८ एप्रिल

चि. नुईस आशीर्वाद.

मी पडले. कळलंच असेल. गावागावाचे आकडे आले. तुमच्या गावातून मला एकही मत नाही. मी कागद उलटासुलटा करून पाहिला.

पण वेडाबाई, तू रडत बसू नकोस. गेल्या वर्षीच्या सवयीनं तू दोन नावं लिहिली असशील आणि मत बाद झालं असेल. पुष्कळ जणींचं तसं झालंय. वाईट एवढंच वाटतं, की त्या विधवांना आता काय सांगू?

माया आहे तशीच आहे.
तोमिए

३ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल नदीवर ओसेआजी म्हणाली, तिला वाटलं, आपल्या एका मतानं काय होतंय, सख्खी बहीण आहेच की. बाकीच्याही तेच म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घालून भाजी धूत राहिले. मलाही वाटलं होतं, बाकीच्या देतीलच.

ह्यांच्यावर रागावू नकोस. ते एका शब्दानं बोलले नव्हते. मत लिहायच्या आडोशाला मी एकटीच होते. ह्यांचं गिरणीतलं काम गेलं तर, एवढंच डोक्यात होतं. पण माझं मत बाद झालेलं नाही, ताई. लहानपणी तू हात धरून शिकवलेल्या अक्षरात मी एकच नाव लिहिलं, अगदी सुवाच्य. ते कुरामोचींचं होतं.

लोभ मागायला तोंड उरलं नाही. तरी मागते.
नुई