मला यंदा शरण यायचं आहे

लिटल स्केलबी, यॉर्कशर
१९ मे १९९६

प्रिय एनिड मावशीस,

बेसिलचा अगदी वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याला उतार पडला का? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू मांजराला चारत नाहीस ना, असं मॅविस विचारते आहे (मी नाही, माझा तुझ्यावर विश्वास आहे). इकडे सर्व क्षेम, म्हणजे मॅविस क्षेम आहे. माझं डोकं मात्र बुधवारपासून ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण एकच माणूस, रोलंड पिकर्सगिल.

हा रोलंड दातांचा डॉक्टर होता. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यामुळे त्याला आता कशातही वाकून बघायची खोड लागली आहे. आमच्या मंडळात तो कपडे-तपासनीस आहे. मंडळ म्हणजे तेच, ज्याला तू म्हाताऱ्यांचं चोर-शिपाई म्हणतेस. दर जुलैत जत्रेच्या दिवशी आम्ही मेटकाफच्या कुरणात नॉर्मंडीची लढाई उभी करतो आणि मी जर्मनांकडून असतो. का, म्हणून पुन्हा विचारू नकोस. जिंकायला सगळे एका पायावर तयार असतात, हरायलाही कोणीतरी लागतंच की. शिवाय आमची जर्मन बाजू अगदी साधी, पायदळाची आहे. त्या हलकट निशाण्या आम्ही मिरवत नाही, आणि गणवेशावर रेनकोट चढवल्याशिवाय पाव आणायलासुद्धा कोणी जात नाही. एवढी मर्यादा पाळूनही मॅविस माझा डगला दोन चादरींच्या मध्ये लपवून वाळत घालते, तो भाग वेगळा.

तर नियम असा, की तपासणीत नापास झालेल्याला मंडळ हाकलत नाही, मारतं. पहिल्या मिनिटाला ठो झालं की तू आडवा, आणि मग चाळीस मिनिटं कुंपणाला लागून पडून राहायचं. मी तीन वर्षं मेलेला आहे, मावशी. पहिल्या वर्षी मुंग्यांच्या वारुळावर (मेलेल्याने खाजवायचं नाही, हाही नियमच), दुसऱ्या वर्षी मेटकाफच्या मेंढीने माझी बाही अर्धी खाल्ली, आणि गेल्या वर्षी तर धो धो पाऊस. मॅविसच्या बहिणीने बेसिल कुठे दिसत नाही, असं विचारलं, तर आमच्या सौभाग्यवतींनी सॅन्डविच खाता खाता बोट दाखवलं. "तो काय, कुंपणापाशी मेलाय."

आता नापास कशात, तेही ऐक. पहिल्या वर्षी लीड्सच्या जुन्या लष्करी मालाच्या दुकानातून मी एक डगला आणला. तपकिरी-हिरवे धूसर डाग, बघणाऱ्याला झुडूपच वाटावं. रोलंडने खिशातून भिंग काढलं, शिवण उलटी केली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा युद्धानंतर दहा वर्षांनी शिवलाय, सीमेवरच्या पोलिसांसाठी. तू नॉर्मंडीत काय सुट्टीवर आलायस का, बेसिल?" सगळे फिदीफिदी हसले. दुसऱ्या वर्षी म्हटलं, ठीक आहे, तुझंच खरं. काचेच्या फुटक्या तुकड्यांसारखे टोकदार डाग आणि वर पावसासारख्या हिरव्या बारीक रेघा, असं हुबेहूब कापड छापून आणलं आणि मॅविसने तीन आठवडे राबून ते शिवलं. रोलंडला डागांत खोट सापडेना, रेघांत सापडेना. मग तो टाके मोजायला बसला. म्हणे टाके फार सुबक आहेत, चव्वेचाळीस साली जर्मनीत एवढा वेळ कोणाला होता! त्या दिवसापासून रोलंड दिसला की मॅविस रस्ता ओलांडते. तिसऱ्या वर्षी तिने मुद्दाम वाकडेतिकडे टाके घातले (स्वयंपाकघरात एक ग्लास शेरी पिऊन). डगला पास. बूट पास, तळव्याचे खिळेसुद्धा मोजून पास. आतला बनियन पास. आणि मग त्याने माझी भाकरीची पिशवी उघडली. आत चीज आणि लोणच्याचं सॅन्डविच, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेलं. झालं. मेलो.

तूच सांग, ही काय रीत झाली? मीही पोस्टात तीस वर्षं काढली आहेत. पत्ता अर्धवट असला तर मी पार्सल परत पाठवतो, पण माणसाला सॅन्डविचवरून मारत नाही.

एवढं असूनही मी हे सोडत नाही, त्याला कारण आहे. लढाईच्या शेवटी एक जर्मन हात वर करून धान्याच्या कोठारातून बाहेर येतो. एकटा. अख्खं कुरण ओलांडून तो आमच्या इंग्रज सार्जंटसमोर उभा राहतो. तेवढा वेळ दोन हजार माणसं चिडीचूप असतात, आइस्क्रीमवालासुद्धा घंटी वाजवत नाही. अकरा वर्षं हे काम सिरिल रॅम्सडेन करत होता. यंदा त्याचा खांदा धरलाय, हात वर जात नाहीत, त्यामुळे त्याला शरण येता येत नाही. जागा रिकामी आहे. हसू नकोस, मावशी. पोस्टाच्या काचेमागे बसणाऱ्याचे लोकांना हात तेवढे दिसतात. मला एकदा अख्खं दिसायचं आहे.

बाकी सगळा पोशाख जमला आहे. अडलंय ते फक्त तंबूच्या तिकोनी कापडावर. ते पावसात अंगावर घ्यायचं आणि चौघांनी आपापली कापडं बटणांनी जोडली की तंबू, असं ते असतं. शरण येणाऱ्याच्या खांद्यावर ते हवंच. सिरिलकडे आहे, पण तो म्हणतो, मी मेल्यावर घे. नवं शिवलेलं तर रोलंड दारातूनच परत पाठवील.

असो. तुला कशाला त्रास? आपली काळजी घे, गुडघ्याला ऊब दे.

तुझा आज्ञाधारक भाचा,
बेसिल

ता. क. तुझ्या शेडमध्ये गवत कापायच्या यंत्रावर एक जुनं कापड असायचं, ते शोधू नकोस. ईस्टरला तू चहा करत होतीस, तेव्हा मी ते काढून घेतलं. त्या जागी नवीकोरी निळी ताडपत्री घातली आहे. ती जास्त टिकते.

ता. क. २. बुधवारी ते तपासणीला नेलं. मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आमच्या मावशीच्या यजमानांनी, अर्नेस्ट काकांनी, चव्वेचाळीस साली नॉर्मंडीत एका चिंब भिजलेल्या जर्मनाला पकडलं, त्याला सिगारेट दिली आणि त्याने आपल्या अंगावरचं हे काढून दिलं. दर नाताळला काका हे सांगायचे आणि त्यांचा आवाज भरून यायचा, तुला आठवतच असेल. शरण यायचं वेड माझ्या डोक्यात तिथूनच शिरलं. रोलंडने रुमाल ओला करून कापडाचा एक कोपरा पुसला. खालून शिक्का निघाला, १९५६. या वेळी तो हसला नाही. कापडाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "हे त्यांच्या युद्धानंतरच्या सैन्याचं आहे रे, बेसिल." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ता. क. ३. आता कामाचं. मंडळाचा आणखी एक नियम आहे. लढलेल्या माणसाच्या घरच्यांनी सही करून चिठ्ठी दिली, तर ती वस्तू न तपासता पास होते आणि मग रोलंडलासुद्धा भिंग खिशात ठेवावं लागतं. तेव्हा दोन ओळी लिहून पाठव. काका खरं सांगत होते असं तुला ठाऊक असेल, तर तसं लिही. नसेल, तरी तेच लिही, अक्षर जरा ठळक काढ, आणि यातलं काय खरं होतं ते मला कधीच सांगू नकोस.