तळं राखील ती

३० जानेवारी, सकाळ
कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर इमॅक्युलाटा सांगायच्या, रोज आपल्या मनाची झडती घ्यावी आणि सापडलेले दोष वहीत मांडावेत. आजपासून पुन्हा सुरुवात. झडती घेतली. माझ्यात काही सापडलं नाही. ट्रेव्हर हॉस्किनमध्ये अकरा सापडले, ते शेवटच्या पानावर लिहिले आहेत.

३१ जानेवारी
तळ्याचं पाणी पुन्हा नासलं. नळाला ओल्या कुत्र्याचा वास. कौन्सिलची चिठ्ठी आली: पाणी उकळून प्या. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा कालच उघडली आणि पहिल्याच दिवशी पिण्याच्या नळांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. एकोणीस वर्षं मी त्या शाळेची हेडमिस्ट्रेस होते. माझ्या काळात त्या नळांना फक्त रांग लागायची. आता पहिलीतली पोरं घरून बाटल्या आणतात. हे मी थांबवणार.

दोषी कोण ते उघड आहे. तळ्यावरच्या टेकडीवर, गर्नींच्या जुन्या कुरणात, ट्रेव्हरला अडतीस घरं बांधायची आहेत. शेतीचा झोन बदलून द्या म्हणून त्याने अर्ज केलाय.

कार्मेल (धाकटी बहीण, विधवा, माझ्याकडे राहते, भांडी नीट विसळत नाही) म्हणाली, अगं डिंफ, त्याने अजून एक वीट ठेवली नाही, मग घाण त्याची कशी? मी म्हटलं, पापाचा विचार हेही पापच.

४ फेब्रुवारी
‘तळ्याचे मित्र’ समिती स्थापन. अध्यक्ष मी. चिटणीस कार्मेल. सभासद मिस्टर अँब्लर, निवृत्त दंतवैद्य. ते बैठकभर झोपले होते, त्यामुळे सगळे ठराव एकमताने मंजूर.

हरकतीच्या पत्राचा मसुदा केला. लोकांनी फक्त खाली सही करायची. गावकऱ्यांच्या व्याकरणावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. पत्रं घरोघर फिरवायचं काम कार्मेलकडे. म्हणजे होणार नाही, पण तिलाही काही तरी हवं.

११ फेब्रुवारी
बेकरीत ट्रेव्हर भेटला. बावन्न वर्षांचा आहे. चौथीत माझ्या वर्गात होता, डिंक खायचा. म्हणाला, मिस, तळ्याकाठच्या जुन्या घरांच्या सेप्टिक टाक्या कुणी उघडून बघितल्यात का? माझी घरं झाली तर मला सगळ्या काठाने ड्रेनेज लाइन टाकावी लागेल, थेट गावाच्या सांडपाणी प्रकल्पापर्यंत. कौन्सिलची अटच आहे. तुमची घरंही फुकटात जोडली जातील.

मी म्हटलं, ही लाच आहे.

तो म्हणाला, नाही मिस, ड्रेनेज आहे.

शर्ट आत खोच म्हणून सांगितलं. खोचला. अजून आशा आहे.

२० फेब्रुवारी
पाच आठवडे पाऊस नाही. सगळ्या गावाची हिरवळ पापडासारखी वाळली. आमची मात्र घरापासून थेट धक्क्यापर्यंत हिरवीगार. लिंबाच्या झाडाला तर इतकी फळं की टेकू लावावा लागला. लोक थांबून विचारतात, काय घालता? मी सांगते, शिस्त.

कार्मेल म्हणाली, डिंफ, तिथेच खाली बाबांनी खणलेली टाकी आहे ना? एकदा उघडून बघूया का? मी तिला सांगितलं, एकसष्ट सालापासून त्या टाकीने एका शब्दाने तक्रार केलेली नाही. या घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल असं म्हणता येत नाही.

३ मार्च
कौन्सिलची जाहीर सुनावणी. नियोजन अधिकारी इंग्रिड पॅटन, वय तीसेक, पाठीत वाकून बसते. मी दोन सूचना मांडल्या.

एक: तळ्यापासून शंभर मीटरच्या आत नवीन सेप्टिक टाकीला परवानगी नाही, कोणत्याही सबबीखाली, कोणालाही, कधीही. शब्द माझे. एकमताने मंजूर. ट्रेव्हरनेही टाळ्या वाजवल्या. परत येताना कार्मेल म्हणाली, अगं, त्याचं कुरण चारशे मीटरवर आहे. मुद्दा अंतराचा नव्हता, तत्त्वाचा होता.

दोन: काठावरच्या बावीसही घरांची रंगाची चाचणी करा. संडासात रंग ओतायचा आणि तो तळ्यात येतो का ते बघायचं. म्हणजे आमच्यावरचा संशय कायमचा मिटेल. इंग्रिड म्हणाली, उत्तर टोकापासून सुरू करू. मी म्हटलं, सुरुवात माझ्यापासून. आदर्श वरून खाली झिरपतो.

१७ मार्च
चाचणी. स्थानिक वर्तमानपत्राला बोलावलं होतं. घरात आयरिश रिवाजाप्रमाणे आज सणही, म्हणून सोडा ब्रेड केला. इंग्रिडने पुडी ओतली, साखळी मी स्वतः ओढली. फोटो निघाला. छोटंसं भाषण केलं, स्वच्छ घर आणि स्वच्छ मन यावर. इंग्रिड म्हणाली, टाकी बिघडलेली असली तरी रंग दिसायला कधी कधी आठवडे लागतात. मी म्हटलं, आमच्याकडे युगं लागतील.

१८ मार्च, सकाळी ७
धक्क्यापाशी पाणी हिरवं. शेवाळी हिरवं नव्हे. लिंबू सरबताच्या बाटलीसारखं हिरवं. दोन बदकंही.

१८ मार्च, ७.१०
कारस्थान.

१८ मार्च, दुपार
सहावीचा वर्ग ठरल्याप्रमाणे निसर्गचित्रं काढायला आला. मीच बोलावलं होतं. सगळ्यांनी सगळं काढलं. रंगसंगती उत्तम, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं.

२३ मार्च
फेरचाचणीची मागणी केली आणि मिळवली. रंग वेगळा. संडासाची किल्ली रात्रंदिवस माझ्या पोलक्यात. कार्मेलला दर वेळी मागायला लावली. तिची कुरकुर चालू. इतिहास घडताना कुरकुर होतेच.

२५ मार्च
लाल.

बेकरीबाहेर ट्रेव्हर म्हणाला, मिस, मोझेसनंतर पाणी लाल करणाऱ्या तुम्हीच. मेथॉडिस्ट पंथाच्या लोकांचा बायबलच्या जुन्या कराराचा अभ्यास चांगला असतो, एवढं म्हणून मी पुढे गेले.

मनाची झडती घेतली. टाकीत दोष आहे. टाकी म्हणजे मी नव्हे.

२ एप्रिल
इंग्रिड घरी आली, खुर्चीच्या कडेवर बसली. सतरा घरांच्या टाक्या तळ्यात गळतात. सगळ्यांत वाईट आमची. शेवाळाला खतपाणी तिथूनच. टाकी बंद करायची. मी म्हटलं, मग नवीन बसवा. ती म्हणाली, नियम आहे. मी म्हटलं, नियमाला अपवाद असतो. तिने कागद काढून वाचला. कोणत्याही सबबीखाली, कोणालाही, कधीही.

कलम बांधेसूद आहे. कुठे फट नाही.

ड्रेनेज लाइनला जोडल्याशिवाय नव्वद दिवसांनंतर या घरात राहता येणार नाही. बाबांनी बांधलेलं घर. माझा जन्म मधल्या खोलीतला.

दुपारी शाळेकडे गेले. नळांना पिशव्या तशाच. पहिलीतली एक पोरगी बाटली घेऊन उभी होती. म्हणाली, मिस, तळं तुम्हीच हिरवं केलंत ना? मग आता परत करा ना साधं.

तिच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून दिलं.

९ एप्रिल
विचारांती भूमिका अधिक व्यापक केली आहे. याला घूमजाव म्हणत नाहीत. ट्रेव्हरची घरं झाली तर ड्रेनेज येईल, ड्रेनेज आलं तर सतरा टाक्या बंद होतील, नळांच्या पिशव्या सुटतील. आधीच कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ट्रेव्हरच्या ऑफिसात गेले. मी आत शिरताच उभा राहिला. म्हणाला, मिस, कौन्सिलच्या नऊतली पाच मतं लागतात, माझ्याकडे चार आहेत. मी म्हटलं, पाचवं झालंच समज. हे गाव माझं ऐकतं.

घरी येऊन कार्मेलला सांगितलं. ती म्हणाली, आणि पत्रांचं काय?

कुठली पत्रं?

दोनशे चौदा. तिने सगळी घरं पालथी घातली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, सगळी पत्रं कौन्सिलमध्ये जमा केली. जन्मात या बाईने एक काम पुरं केलं नव्हतं. स्वेटर अर्धा, केक अर्धा, नवराही अर्ध्यावर गेला. आणि हे मात्र पुरं केलं! परत आण म्हटलं तर म्हणते, मी नाही जायची, मला दारोदार नऊ कुत्री चावायला धावली, तेव्हा कुठे होतीस?

इंग्रिड म्हणते, जमा झालेली पत्रं परत देता येत नाहीत.

२१ एप्रिल
मतदान. सभागृह भरलेलं. ट्रेव्हरच्या बाजूने मी बारा मिनिटं बोलले. टेकडीवरच्या घरांचे फायदे सांगितले. हॉस्किन कुटुंबाचा सच्चेपणा सांगितला. तेव्हा मागच्या रांगा हसायला लागल्या. भाषण उपरोधिक आहे असा सर्वांचा समज झाला. मी जितकं कळकळीने बोलले तितके ते हसले. मिस्टर अँब्लर जागे होते, डोळे पुसत होते.

मग एका सदस्याने माझ्याच पत्रातला, बेकरीतल्या भेटीनंतर मी मुद्दाम घातलेला परिच्छेद मोठ्याने वाचला: उद्या कुणी आदरणीय व्यक्ती ड्रेनेजचं आमिष घेऊन उभी राहिली, तरी बधू नका. वाक्य ठाम आहे. नाकारता येत नाही.

बाजूने चार, विरुद्ध पाच. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मला फुलं दिली. ट्रेव्हर दारात टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, मिस, मनापासून बोललात, मला कळलं. त्याला म्हटलं, तुला एकट्याला कळून काय उपयोग?

शाळेच्या नळांच्या पिशव्या आणखी निदान वर्षभर सुटणार नाहीत.

२७ एप्रिल
टाकी सील केली. कौन्सिल स्वतःच्या खर्चाने ड्रेनेज टाकायचं ‘विचाराधीन’ ठेवणार आहे. इंग्रिडला विचारलं, किती वर्षं? ती बूट बघत बसली. तोवर घरात राहता यावं म्हणून निळ्या प्लास्टिकची संडासखोली मिळाली. उपसायची गाडी उतारावर येत नाही, म्हणून ती फाटकाबाहेर, हमरस्त्यावर. दार रस्त्याच्या बाजूला. कार्मेल शेजारणीकडे जाते. मी कुणाच्या दारात जाणार नाही.

२८ एप्रिल, सकाळी ८
आत असताना तीन गाड्यांनी हॉर्न वाजवले. कुणी तरी ओरडलं, शाब्बास मिस, तळं वाचवलंत!

बाहेर येऊन हात हलवावा लागला.