फ्रीझरमधला पासपोर्ट

आण्णा, मी एकाचा पासपोर्ट चोरलाय. माझ्याच खोलीत राहणाऱ्या कोल्हापूरच्या पोराचा. फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटाखाली ठेवलाय. तो स्वयंपाकाला हात लावत नाही, म्हणून जागा पक्की आहे.

इथं जपानात, कावासाकीत आम्ही दोघं बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात पार्टटाइम करतो आणि उरलेल्या वेळात जपानी शिकतो. म्हणजे शिकायचं असतं. माझी शाळा तुम्हाला माहितीच आहे, पण त्याची हजेरी माझ्याहून कमी भरली, आता व्हिसा वाढत नाही. रिकाम्या हातानं घरी जायची त्याला लाज वाटते. त्यात फोनवर एक एजंट भेटला. लढाई चाललेल्या एका देशात फौजेत भरती व्हायचं, एक वर्ष काढायचं, की तिथलं नागरिकत्व. मग बायकोलाही नेता येतं. "बंदूक धरायची नाही रे, नुसतं स्टोअर सांभाळायचं," तो मला समजावतो. मी म्हटलं, "माझे वडील मिलिटरीत स्टोअरलाच होते. पेट्या उतरवताना शेजारी गोळा पडला, डावा कान कायमचा गेला." तो हसायलाच लागला. "थापा बंद कर. भूकंपाचा खोटा अलार्म लावून मला टेबलाखाली बसवलंस, तो तूच ना?"

त्या कानाचा मीच किती फायदा घेतला. तुमच्या डाव्या बाजूला उभा राहून हळूच विचारायचो, "जत्रेला जाऊ?" आणि पळायचो. आई ओरडली की म्हणायचो, आण्णांना विचारलंय. एकदा तुम्ही आरशासमोर दाढी करताय, मी मागून तसंच पुटपुटतोय, आणि तुम्ही हात न थांबवता म्हणताय, "ओठ दिसतात रे आरशात. पुढं येऊन विचार की, मी नाही म्हणतो का कधी?" मी मार खायच्या तयारीत अंग चोरून उभा होतो. तुम्ही माझ्या नाकाला साबणाचा फेस लावलात.

काल त्याचं विमान होतं. त्यानं आख्खी खोली उलटी केली. मीही शोधतोय, गाद्या उचलतोय, वर विचारतोय, "कचऱ्यात नाही ना गेला? आज जळाऊ कचऱ्याचा दिवस." तो अनवाणी कोपऱ्यावर धावला आणि पिशव्या सोडून बसला. शेजारच्या म्हाताऱ्या बाई "दामे, दामे", नको नको, म्हणत हात हलवतायत, आणि हा रडत सगळ्यांची सालं उपसतोय. एरवी मी लोळून हसलो असतो.

विमान गेलं. पण एजंट दुसरं तिकीट काढतोय, आणि हा उद्या वकिलातीत हरवल्याचं सांगायला निघालाय. मी सोबत येतो म्हटलंय. त्याला इथल्या गाड्यांचा गुंता अजून कळत नाही, त्यामुळे ट्रेन मीच निवडणार, उलट्या दिशेची. एक दिवस तर जाईल. पुढचं सुचलेलं नाही.

त्याला वाचवतोय असं मी मनाशी म्हणतो. पण तो गेला तर या खोलीत मला मराठीत शिव्या घालायला कुणी उरत नाही, हेही आहेच. आण्णा, हे कुणाला बोलू नका. तुम्ही आईच्या स्वप्नात येता, असं ती फोनवर सांगते. तिलाही नको, पाया पडतो. तिच्या पोटात काही राहत नाही.