आईने काय सोडलं

ब्रह्मा घाट, मंगळवार, कार्तिक १९९४

किळस आली आज. काशीला आलं की आवडती एक वस्तू कायमची सोडायची, म्हणून आई साताऱ्याहून ठरवूनच आली होती, चहा सोडायचा. सकाळी पंचगंगा घाटावर आमचे गुरुजी तोंडातलं पान एका गालात सारून हसले. "चहा कशाला, आई? कारलं सोडा. सगळे यजमान तेच सोडतात."

आईने जन्मात कारलं खाल्लेलं नाही! देवालाही फसवायचं, तेही पान चघळत? मी काही बोलणार तर आईनेच दटावलं, "गप रे. गुरुजी सांगतात तसं करावं." ओंजळीत पाणी घेऊन निमूट म्हणाली, कारलं सोडलं. तिचाही राग आला. दिवसभर ते लाल तोंड डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी मुद्दाम चहा केला आणि तिच्यापुढे आदळला. तिने कप माझ्याकडे सरकवला.

"तू घे. तोंडाने कारलं म्हटलं, गुरुजींचा मान राखला. मनात चहाच होता."

कप अजून समोर आहे, वर साय धरलीय. घोट घेववत नाही. किळस तीच, पण गुरुजींचं तोंड आता दिसत नाही. कप आदळणारा माझा हात दिसतो.