पाच हातोड्यांचा निकाल

सोमवार, ३ मार्च. सकाळी ११
आज नऊ वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नोंदवून ठेवतो, पुढे लागेल.
हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणायला गेलो होतो. काउंटरवर ती, दुकानदाराची मुलगी. तिने चौकटी ठोकायचे पाच मोठे हातोडे माझ्यापुढे मांडले. म्हणाली, बाबांना यातल्या एकाचे पन्नास मागवायचेत, कुठला टिकेल ते मामांना बघायला सांगा, आठवड्यात कळवा.
मामांचं नाव मध्ये घातलं ते लाजून. मुली थेट बोलत नाहीत. मामा माझे सख्खे मामा, माझे मालकही, पण शेवटी सुतार. मी दोन वर्षं कॉलेज केलेला माणूस. सोडलं तेही मी. कॉलेजने मला नाही.
पाचही हातोडे गोणपाटात गुंडाळून मामांच्या कारखान्यात माझ्या बाकाखाली ठेवले. मामांना सांगायचं नाही.

मंगळवार, ४ मार्च
संकल्प: शास्त्रीय पद्धत. भावना बाजूला.
एक नंबर: दांड्याला रबर. वास भिजलेल्या बुटाचा. शी.
दोन: लाल रंग, वॉर्निश, चकचकीत. बघू.
तीन: कंपनीचं नाव एवढं मोठं की खिळ्याला वाचता यावं. लाज नाही लोकांना.
चार: कोरा दांडा. रंग नाही, पॉलिश नाही, काही नाही. उघडावाघडा. बघूनच किळस आली. हा तिने चुकून दिला असणार.
पाच: दांडाही लोखंडी. एकच खिळा ठोकला, जेवण होईपर्यंत हाताला मुंग्या. बाद.

बुधवार, ५ मार्च
टिकाऊपणाची चाचणी. एक आणि तीन समोरासमोर आपटले. जो हरेल तो बाद, इतकं साधं. तिसऱ्या फटक्याला टवका उडाला आणि माझा गाल फाडून गेला.
मामा धावत आले. अरे शहाण्या, पोलादावर पोलाद आपटतं का कुणी? डोळा गेला असता म्हणजे तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी? आणि हे आणलेस कुठून? मी म्हटलं, मित्राचे आहेत.
शेजारच्या बाकावरचे नाना म्हणाले, प्रोफेसर, उद्या स्वतःचं डोकं आपटून बघा, तेच जास्त टिकेल. असल्या माणसांत दिवस काढायचे. वीट आला.
निष्कर्ष: एक आणि तीन, दोन्ही बाद.

गुरुवार, ६ मार्च
उरले दोन आणि चार. चारकडे बघवत नाही. दोन पास.
किरकोळ तक्रार: दोनचं डोकं दांड्यावर जरा हलतं. उपाय सोपा. दिवसभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला. लाकूड फुगतं, डोकं आवळतं. मामा एकदा यावरून कुणालातरी फार बोलले होते. का, ते आठवत नाही.
संध्याकाळी डोकं फिट्ट! याला म्हणतात विज्ञान.

शुक्रवार, ७ मार्च
निकाल कळवला. तिने आधी विचारलं, गालाला काय झालं? केवढी काळजी! पुढे म्हणाली, शेजारी मेडिकल आहे. मग विचारलं, मामा काय म्हणाले? मी म्हटलं, मामांचं आणि माझं मत वेगळं नसतं.
तिचे वडील आतून आले. म्हणाले, मामा म्हणतायत ना, मग दोन नंबरच मागवू. पण सोमवारी त्यांना घेऊन या, एकदा ठोकून दाखवा, मग कंपनीला फोन करतो.
ठरलं. सोमवारी खिळा ठोकायचा आणि लगेच तिला मनातलं सांगून टाकायचं. वाक्य पाठ केलंय.

रविवार, ९ मार्च
हातोडा दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवला. तिच्यासमोर कोरडा आणि लखलखीत दिसला पाहिजे.

सोमवार, १० मार्च
मामांना काय ते न सांगताच दुकानात घेऊन गेलो. ती, तिचे वडील, दोन गिऱ्हाइकं. पाचही हातोडे काउंटरवर मांडले. दोन नंबर उचलला. तिच्याकडे बघितलं. हात उगारला.
दांडा माझ्या हातातच राहिला. हातोड्याचं डोकं मागे उडालं. दुकानाच्या दाराला मोठी काच होती. होती.
 मामांनी माझ्या हातून दांडा घेतला, डोक्याच्या भोकात बसणाऱ्या टोकावर बोट फिरवलं. म्हणाले, पाण्यात ठेवला होतास ना? लाकूड फुगतं तेव्हा आतल्या आत चेपतं, वाळलं की पहिल्यापेक्षा ढिलं होतं. शिवाय याच्या लाकडाच्या रेषा आडव्या आहेत, वॉर्निशखाली लपवल्यात. आज नाही तर उद्या मोडलाच असता.
मग त्यांनी तो चार नंबर उचलला. दांड्याच्या उभ्या रेषा बघितल्या. तीन फटके. खिळा बुडाला. हा मागवा म्हणाले.
ती वडिलांना म्हणाली, मी मामांनाच दाखवायला सांगितलं होतं, बाबा. हे नुसते नेणार होते.
नुसते नेणार होते! पाठ केलेलं वाक्य बाद. सगळ्यांची किळस आली. मामांची, त्या उघड्या चार नंबरची, स्वतःच्या गालाची. म्हटलं, मला या धंद्यात काडीचाही रस नाही. बाहेर पडलो आणि दार धाडकन लावलं.
काच नसलेलं दार धाडकन लागत नाही. हळूच परत उघडलं. ती आतूनच म्हणाली, अहो, कडी घातल्याशिवाय ते राहत नाही.
कडी आतल्या बाजूला. काचेच्या जागेतून हात घातला, जपून कडी लावली आणि निघालो.