बदकात बसलेले दोन साडू

वसमत, सोमवार

आदरणीय मामांना थोरल्या जावयाचा सप्रेम जय भीम. मामींनाही सांगा. इकडं सपना आणि लेकरं मजेत आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? हळद शिजवून झाली का? माझी खुशाली विचाराल तर दोन्ही मांड्या भरून आल्या आहेत. डेपोत गाडीच्या पायरीवर पाय ठेवला की तोंडातून 'आई गं' निघतं आणि पॅसेंजरच कंडक्टरला हात देऊन वर ओढून राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी तकलीफ कधी झाली न्हाई. ही सगळी तुमच्या दोन लेकींची कृपा. फोनवरच सांगितलं असतं, पण मी नुसतं 'हॅलो मामा' म्हटलं की सपना कुकर उतरवून कान देते. म्हणून हे पत्र तुमच्या हट्ट्याच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देऊन राहिलो.

तुम्हाला ठाऊकच आहे, धाकटे जावई बुद्धभूषण आणि मी दोन वर्षं एकमेकांशी बोलत न्हाई. तुमच्या रिटायरमेंटच्या सत्काराला फाट्यावर बॅनर लागलं, त्यावर हे आपले लाईनमनसाहेब गॉगल लावून हातभर, आणि थोरला जावई खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढा. (त्यातही बांबूला तार बांधणाऱ्यानं माझ्या कानातूनच तार काढली होती. कानाचं दुःख न्हाई. आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरनं ते बॅनर बघून, 'कोपऱ्यातले बिचारे कधी गेले?' म्हणून मलाच विचारलं, त्याचं आहे.) तेव्हापासून आमी त्यांच्या दारात न्हाई अन् ते आमच्या.

तर काल रविवारी सपना म्हणाली, लेकरांना धरण दाखवू, आपण चौघंच. मी भोळा, निघालो. औंढ्याला चहाला उतरलो तर तिथं आकांक्षा, तिची दोन लेकरं आणि गाडीला टेकलेले बुद्धभूषण. 'अगबाई, योगायोग!' असं दोघी बहिणी एकाच वेळी म्हणाल्या. आता योगायोगानं भेटलेल्या माणसानं आमच्या वाटणीच्या भाकरीबी थापून आणलेल्या असाव्यात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. परत फिरावं तर लेकरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. गेलो.

धरणाच्या काठाला ते पाणगव्हाण गाव हाय न्हाई का, तिथं हल्ली लई सुधारणा झाली आहे. बाग आहे, बागेत सिमेंटचा जिराफ आहे (मान खाली पडली आहे, त्यामुळं लेकरं त्याला शेळी समजून राहिली), काठावर तळलेल्या मासोळीच्या गाड्या आहेत. सपनानं ठरवून ठेवलेलं : आधी झोके, मग जेवण, मग पाणी. झोक्यावर आमा दोघांना शेजारी शेजारी बसवायचा प्रयत्न झाला, तो मी चक्कर येते म्हणून हाणून पाडला. जेवताना समोरासमोर बसवलं. मला मीठ पाहिजे होतं, ते त्यांच्या हाताशी. मी लेकराला म्हटलं, तुझ्या काकाला सांग, मीठ दे. त्यांनी त्यांच्या लेकराला सांगितलं, काकाला म्हणावं, घ्या. मीठ मिळेपर्यंत मासोळी संपली.

मग पाणी. तिथं हरिचंद म्हणून बोटवाला आहे. त्याची मोठी मोटारबोट आहे आणि एक प्लॅस्टिकचं बदक, पायानं पायडल मारायचं. दोघी बहिणी लेकरं घेऊन मोठ्या बोटीत चढल्या आणि आमी पाय टाकणार तोच हरिचंद म्हणाला, 'जागा फुल झाली साहेब, तुमी दोघं बदकात बसा.' (जागा होती. फुल गाडी कशी असते हे मला शिकवू नये.) न्हाई म्हणायच्या आत त्यानं आमच्या अंगात जाकिटं कोंबून बदक ढकलून दिलं.

मामा, त्या बदकाला सुकाणूचा दांडा एकच, आणि तो बराबर मधोमध. मी थोरला, मी धरला. त्यांनीबी धरला. मी पुढं पायडल मारलं की ते मागं मारून राहिले. बदक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. काठावरची माणसं व्हिडिओ काढायला लागली. तेवढ्यात वारा सुटला आणि आमी फिरत फिरतच पाण्यात उभ्या वाळल्या बाभळींत जाऊन अडकलो. खाली कुणाचं तरी मासे धरायचं जाळं, ते पायडलला गुंडाळलं.

तेव्हा शेजारून दोन वर्षांतला पहिला शब्द आला, 'साडूभाऊ, मला पोहता येत न्हाई.'

बघतो तर माणूस पांढराफटक. विजेच्या खांबावर वानरावानी चढणारा गडी, आणि हातात माझी बाही गच्च धरलेली. मी म्हटलं, 'मला तरी कुठं येतं!'

मग आमी दोघं मिळून बोंबललो, हात हलवले. लांब मोठ्या बोटीतून तुमच्या लेकींनीबी हात हलवले आणि फोटो काढले. त्यांना वाटलं, आमी खुशीत आलो.

बसलो मग बाभळीखाली. भीती अशी की बोलल्याशिवाय बसवेना. मी न राहवून विचारलं, बॅनरवर ते गॉगल काहून लावले होते? तर ते म्हणाले, 'अहो, मला कुठं विचारलं? मामांनीच फोटो दिले, मामांनीच कुणाचा केवढा ते सांगितलं. माझ्या आईचं नावबी गाळलं त्यांनी, मी कुणाला बोललो का?'

मामा, हे मी काय ऐकून राहिलो? दोन वर्षं आमी दोघं मान फिरवून रस्ता ओलांडतो आणि तुमी हट्ट्यात निवांत हळद वाळवता?

शेवटी हरिचंद आला आणि बदकाच्या मानेला दोर लावून आमाला ओढत काठाला आणलं. सपना म्हणाली, 'किती वेळ खेळलात!' अशा सहलीला मी आयुष्यात पुन्हा जाणार न्हाई, आणि हे तुमी तुमच्या लेकींना बजावून सांगावं, यासाठी हे पत्र. कळावे.

तुमचा,
भीमराज

ता. क. : बुद्धभूषणचा आत्ताच फोन येऊन गेला (सकाळपासून तिसरा). येत्या रविवारी आमी दोघंच पाणगव्हाणला जाऊन राहिलो. तिथली मासोळी नीट खायची राहिली, शिवाय दोघांनी एका बाजूला पायडल मारलं तर बदक कुठवर जातं ते बघायचं आहे. तरी शनिवारी दोन्ही लेकींना फोन करून सांगावं की शेतातली मोटार बसवायला दोन्ही जावई पाहिजेत. मोटार चालू असली तर तेवढी बंद करून ठेवा.

ता. क. दोन : बदकाला मागं एक सीट आहे. तुमीबी चला. पायडल आमी मारू, तुमी नुसतं बसा. मामींना डोळ्याच्या डॉक्टरकडं चाललो म्हणून सांगा, म्हणजे त्या सोबत यायचं म्हणणार न्हाईत. दवाखान्याच्या वासानं त्यांना मळमळतं, हे बुद्धभूषणनं आठवणीनं सांगितलं.